दोन ॲप, एक सून

संक्रांतीच्या सकाळी मी तिळाचे लाडू वळत होते. नवरा म्हणाला, "आता या ॲपवरून त्या ॲपवर थेट मेसेज जातो. बाबांच्या फोनवर सुरूही करून दिलं."

माझे सासरे आणि नरहरकाका शाळेपासूनचे दोस्त. दोघांची ॲप वेगळी, आणि दुसऱ्याचं ॲप घेणं म्हणजे हार. माझ्याकडे दोन्ही होती, म्हणून त्यांचे मेसेज माझ्यामार्फत जायचे. काकांनी "थेरडा आहे की गचकला?" असं लिहिलं, की मी सासऱ्यांना "तब्येत जप रे" असं पाठवायचे. सासऱ्यांच्या शिव्याही अशाच पाकात घोळून काकांकडे जायच्या. आता माझं बिंग फुटणार होतं.

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन वाजला. काकांचा पहिला थेट मेसेज. चष्मा चढवून त्यांनी तो मोठ्यानं वाचला, "गाढवा, तिळगूळ घे. गोड काय ते तुझी सून बोलेलच."

सासरे खदखदून हसले. माझ्या चिकट हातात फोन देत म्हणाले, "त्या माकडाला काहीतरी छान लिही. नेहमीसारखं."