गेरूची रेघ

“हा आकडा मला मान्य नाही,” असं म्हणत जगदेवरावांनी विमा कंपनीचं पत्र दुमडलं आणि ठेवणीतला काळा कोट अंगात चढवला.

सुधाताईंनी चहाचा कप पुढे केला. घराच्या पूरविम्याचा हप्ता यंदा एकदम दुप्पट झाला होता, ध्यानीमनी नसताना. “डोकं शांत ठेवा. दोन गोड शब्द बोललात तर करतील काहीतरी.”

“मी हात पसरायला जात नाही. न्याय मागायला जातोय.”

फाटकाशी नेहमीप्रमाणे त्यांची पावलं थांबली. खांबावर छातीइतक्या उंचीवर गेरूची रेघ होती. नाल्याला महापूर आला तेव्हा पाणी इथवर चढलं होतं. जगदेवरावांचे वडील कमरेला दोर बांधून त्या पाण्यात उभे राहिले आणि गल्लीतली माणसं त्यांनी एकेक करून गच्चीवर पोचवली. दसऱ्याला तलवारीची पूजा झाली, की त्याच हातांनी ही रेघ पुन्हा ओढायची, अशी घरची रीत. पाहुण्याला आधी रेघ दाखवायची, चहापाणी मग. गेल्या महिन्यात कंपनीचा सर्वेअर आला, त्यालाही जगदेवरावांनी सगळी हकीकत ऐकवूनच सोडलं होतं.

समोरच्या ओट्यावर चुलतभाऊ समरजीत उभा होता. तसलंच पत्र हातात घेऊन येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता आणि मिशीवर ताव देत होता. त्याच्याही खांबावर रेघ होती. गेल्या रंगकामात ती जरा वर सरकली, असा जगदेवरावांना दाट संशय होता. पण भाऊबंदकी चव्हाट्यावर आणायची त्यांना लाज वाटे.

“काय दादा, ऑफिसात?”

“हो.”

“जा, जा. बघा काही होतंय का,” समरजीत नको तितकं गोड हसला.

जगदेवरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. रिक्षा करून ते तडक महाराज बाड्यावरच्या विमा कंपनीच्या ऑफिसात गेले.

खिडकीपलीकडे गरिमा नावाची मुलगी बसली होती. तिनं कॉम्प्युटरवर नाव काढलं.

“काका, ये तो सबका बढ़ा है. नाल्याजवळची सगळी घरं आता खतऱ्यात धरलीत. सर्वेअरनं तुमची रेघ नापली, फोटो काढले, त्यावरून ठरलं.”

“रेघ खरी आहे. आकडा चुकलाय.”

“चुकला कसा?”

“पोरी, माझे वडील त्या पाण्यात दिवसभर उभे होते. थंडी भरली, तरी हातातला दोर सोडला नाही. आमच्या घरानं पूर छातीवर घेतलाय. आणि तुम्ही त्याची ही किंमत केलीत?”

डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी कोटाच्या बाहीनं पुसलं. वडिलांसाठी आपण एवढंही करू शकत नाही, हे त्यांना फार लागलं होतं.

गरिमाला राहवेना. “बसा काका. मी साहेबांशी बोलते.”

काचेपलीकडे ती हातवारे करून भांडताना दिसत होती. साहेब मान हलवत होते. तिनं फाइल उघडून त्यांच्यापुढे धरली. साहेबांनी पुन्हा मान हलवली, मग चष्मा काढला, मग पेन घेतलं. जगदेवराव ताठ बसून होते. मुलगी मराठ्याची दिसते, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना तिचा अभिमान वाटला.

ती धावतच बाहेर आली.

“हो गया काका! नाल्याची भिंत आता पक्की झालीय ना, तो रिपोर्ट लावला. तुमचा हप्ता पुन्हा पहिल्याइतकाच. एक पैसा जास्त नाही!”

जगदेवराव ताडकन उठले.

“कमी कोणी करायला सांगितला होता? समोरच्या समरजीतचा तिप्पट केलात आणि माझा नुसता दुप्पट? माझे वडील काय घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते?”