मैदानाची वाटणी

"दोरी कुठं बांधायची, एवढं तरी आज ठरवा," करणसिंग म्हणाले.

ही सातवी बैठक होती. टेबलाच्या एका बाजूला नवनीत पाटील, दुसऱ्या बाजूला चेतना गावित. मध्ये मैदानाचा नकाशा, आणि पंख्याने तो उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चहाचे रिकामे कप.

मैदान सरकारी होतं. प्रकाशा रस्त्याला लागून, अठरा एकर. पाटील तीस वर्षं गुजरातेत एका कारखान्यात इंजिनिअर होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन परतले ते गोल्फचं वेड घेऊनच. चार-सहा डॉक्टर आणि व्यापारी जमवून त्यांनी मंडळ काढलं, परवानगी आणली आणि मैदानात सहा भोकं पाडली. हिरवळ टिकेना, म्हणून भोकांभोवती तेल शिंपडलेली रेती पसरली.

त्याच मैदानात सकाळी बायका फिरायच्या, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पळायच्या. एकदा गोल्फचा चेंडू फिरायला आलेल्या सुगंधाबाईंच्या नडगीवर बसला आणि भांडण पेटलं. वाटणी ठरेपर्यंत मैदान कुणालाच नाही, असं म्हणून उद्यान विभागाने फाटकाला कुलूप घातलं. करणसिंग त्या विभागाचे अधिकारी. त्यांनी दर बुधवारी चार वाजता बैठक लावली.

बायकांच्या वतीने चेतना बोलायची. ती शिक्षिका होती, मुद्द्याला धरून बोलायची. पाटलांशी भांडायला कुणीतरी हवं होतं तेव्हा ती आपणहून पुढे आली होती.

"दोरी तळ्याच्या बाजूने बांधा," पाटील करणसिंगांना म्हणाले. "त्या बाईंना सांगा, सावलीची बाजू त्यांना राहील."

ते तिच्याशी थेट बोलत नसत. तिच्याकडे बघतही नसत.

"सकाळी त्या बाजूला सावली नसते," चेतना म्हणाली. "तुम्ही या एकदा. मी दाखवते."

"त्याची गरज नाही. सकाळ सगळी त्यांना देऊन टाका. आम्ही संध्याकाळी खेळू."

करणसिंगांनी घाईने पेन उघडलं. बायकांनी पहिल्या दिवसापासून एवढंच मागितलं होतं.

"आणि रविवारचं काय?" चेतनाने विचारलं.

पेन बंद झालं.

बाहेर रोज फिरायला येणाऱ्यांपैकी छबूबाई वाट बघत उभ्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "ताई, त्यासनी सकाय सोडी दिधी. आखो काय जोयजे?"

"अर्धवट नको, मावशी. एकदाच पक्कं होऊ दे."

रुपा शेजारीच होती. भरतीची तयारी करणाऱ्यांत सगळ्यात जोरात पळणारी. "मॅडम, भरतीला सतरा दिवस राहिले," ती म्हणाली. "रस्त्यावर ट्रकांच्या मधून पळते मी. हिशेबच लागत नाही वेळेचा."

"अजून एक बुधवार," चेतना म्हणाली आणि पलीकडे मोटारसायकलवर थांबलेल्या नवऱ्याकडे निघाली. स्टीफन दर वेळी तिला सोडायला यायचा, न्यायला थांबायचा. कार्यालयात मात्र कधी पाऊल टाकायचा नाही.

आठव्या बैठकीत रविवार मिटला. तिने चेंडू अडवणाऱ्या जाळीचा मुद्दा काढला. जाळी मान्य झाली, तर तिला भोकांत रोवलेल्या झेंड्यांच्या काठ्या खटकल्या. करणसिंग चष्मा काढून डोळे चोळत बसले.

नवव्या बैठकीत पाटलांना बोलता बोलता खोकल्याची उबळ आली. थांबेचना. चेतनाने आपल्यापुढचा पाण्याचा पेला नकाशावरून त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी पेल्याला हात लावला नाही. पिशवीतून स्वतःची बाटली काढली.

"किती दिवसांचा आहे खोकला?" तिने विचारलं.

पाटील करणसिंगांकडे वळले. "हा बैठकीतला मुद्दा आहे का?"

"नाही साहेब, पण..."

"मग मी निघतो."

ते गेल्यावर चेतना बराच वेळ नकाशाकडे बघत बसली. करणसिंगांना वाटलं, बाई नवा मुद्दा शोधतेय.

त्या शनिवारी भरती झाली. आठशे मीटरला रुपाला तीन सेकंद जास्त लागले. यादीत नाव आलं नाही. सोमवारी ती चेतनाला शाळेत येऊन भेटली. रडली नाही. वयाची मुदत या वर्षीच संपत होती.

"मैदान असतं तर निघाले असते मॅडम मी," ती म्हणाली. "पण तुम्ही आमच्यासाठीच भांडत होतात."

चेतनाला तिच्या तोंडाकडे बघवेना. घंटा झाली म्हणून ती वर्गाकडे वळली, आणि वर्गात जाऊन फळ्याकडे तोंड करून उभी राहिली.

दहाव्या बुधवारी पाटलांची खुर्ची रिकामी होती. करणसिंगांच्या हातात पत्र होतं. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं. गोल्फ मंडळ बरखास्त करण्यात आलं आहे. मैदानावर मंडळाचा कोणताही हक्क उरलेला नाही. संपूर्ण मैदान महिलांना व खेळाडूंना द्यावं. यापुढे मला कोणत्याही बैठकीला बोलावू नये. खाली सही.

"घ्या बाई," करणसिंग हसले. "दोरी बांधायचीसुद्धा गरज नाही."

खिडकीबाहेर ऐकत उभ्या असलेल्या बायकांनी एकच गलका केला. "जिकनूत ताई आपण!" छबूबाई ओरडल्या. कुणी पेढे आणायला पळालं. करणसिंगांनी फाटकाची किल्ली चेतनाच्या हातात ठेवली. तिने ती छबूबाईंना देऊन टाकली आणि बाहेर आली. तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून सुगंधाबाईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. रुपा आलीच नव्हती.

स्टीफनने मोटारसायकल सुरू केली नाही. "सगळं मिळालं ना?"

"सगळं."

"मग रडतेस कशाला?"

मागे फाटक करकरत उघडलं. बायका मैदानात शिरत होत्या. चेतनाने तिकडे वळून पाहिलं नाही.

"आपलं लग्न झाल्यापासून बाबा पहिल्यांदा माझ्यासमोर बसत होते, स्टीफन. दर बुधवारी, तासभर."