टेकू

"कवितेच्या टेकूवर कधी पूल उभा राहिलाय का?" असं विचारत स्थापत्य विभागाचा प्रमुख रूलोफ याने इंजिनिअरिंगच्या पोरांचा साहित्याचा तास बंद करायचा ठराव मांडला. मतदान सोमवारी होतं.

त्याआधीच्या शुक्रवारी सिंटरक्लासचा, म्हणजे डच लोकांच्या सांताक्लॉजचा, सण होता. त्यासाठी विभागात सगळ्यांनी आधीच नावांच्या चिठ्ठ्या उचलल्या. ज्याचं नाव निघेल त्याची खोडी काढणारी कविता करायची, खाली सही सिंटरक्लासची ठोकायची, आणि ज्याची खोडी काढलीय त्यानेच ती सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचायची.

रूलोफने आपली चिठ्ठी खिशात दडवली. पण ट ला ट जुळवता जुळवता त्याला घाम फुटला. शेवटी तो साहित्य शिकवणाऱ्या हिल्केच्याच दारात जाऊन उभा राहिला.

"दोन ओळी खरडून दे ना गं. पण कुणाला कळता कामा नये."

"देते की. कुणासाठी हव्यात?"

"ते सांगायचं नसतं! आहे एक बाई. हट्टी. जिथे तिथे कविता घुसवते."

"अस्सं!" म्हणत हिल्के लगेच लिहायला बसली.

रूलोफने कागद न वाचताच भेटीच्या पुडक्यात कोंबला. कविता कसली वाचायची!

शुक्रवारी ते पुडकं हिल्केच्या हाती पडलं. तोंडातलं बिस्कीट संपवून, सगळ्या विभागासमोर तिने खणखणीत आवाजात वाचलं:

 

"कवितेचा टेकू पुलाला नको, रूलोफ म्हणतो ते खरं;
पण रूलोफलाच आज टेकू दिलाय कुणी, विचारा बरं!"