लगेच गुण येणारे थेंब

सातव्या मुलीच्या डोळ्यातला दाबही जास्तच निघाला. डोळे तपासायला आलेल्या बाईने यंत्र पुसलं, पुन्हा मोजला. आकडा हलला नाही.

शिवणकारखान्यातल्या चाळीस जणींची तपासणी होती, चष्म्याच्या नंबरासाठी. सगळ्या विशी-तिशीतल्या. या वयात काचबिंदू क्वचितच सापडतो, आणि इथे चाळिसात सात संशयित. दोघींची तर बाजूची नजर गेलेली. त्यांना पत्ताही नव्हता.

तिने सातही जणींना थांबवून घेतलं. डोळ्यात काही घालता का, असं विचारलं. कापडाच्या धुळीने डोळे खाजतात, मग थेंब घालतो, त्या म्हणाल्या. सातही पर्समधून एकाच औषधाची बाटली निघाली. स्टेरॉइडचे थेंब, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, कितीतरी वर्षं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या काकांनी दिलेले. काका फार मायाळू, नुसतं तोंड दाखवलं तरी देतात.

ते काका तिचे सासरे होते.

काम आटोपून ती सरळ दुकानात गेली. शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली आणि सात जणींचे कागद काउंटरवर ठेवले. या थेंबांनी दाब वाढतो, दाबाने डोळ्यामागची नस मरते, मेलेली नस परत जिवंत होत नाही, हे तिने सावकाश सांगितलं. सासरे म्हणाले, पंचवीस वर्षं देतोय, लगेच गुण येतो, लोक दुवा देतात.

"उद्या माझा अहवाल जाईल, बाबा. त्यात दुकानाचं नाव असेल."

"आपल्या?"

"हो."

नवरा काय म्हणेल, घरात कोण बोलायचं थांबेल, हे ती वाटेतच पचवून आली होती.

सासऱ्यांनी फळीवरून त्याच थेंबांची एक बाटली उचलली. तिच्यावरची बारीक अक्षरं चष्मा वर करून वाचली, पुन्हा वाचली. मग उठून शटर अर्धं खाली ओढलं आणि तिच्यापुढे स्टूल सरकवलं.

"सातवर थांबू नकोस," ते म्हणाले. "ज्यांना ज्यांना दिले, ते सगळे मला आठवतात. मी सांगतो, तू लिही. उद्यापासून दोघं घरोघर जाऊ."

तिने कोरा कागद घेतला.

"पहिलं नाव तुझ्या सासूचं. तू या घरात येण्याआधीच तिची नजर गेली. तिच्या डोळ्यात हेच थेंब रोज मी घालत होतो."