शून्य ते दहा

‘किती?’ असे विचारून फिजिओ थांबला होता.

मुलगी टेबलावर उताणी पडली होती. तिचे उजवे कोपर फिजिओच्या तळव्यात होते. हात सरळ होता होता वाटेतच अडला होता, अर्धवट उघडलेल्या दारासारखा. समोरच्या वेदना मोजायच्या तक्त्यावर शून्यापासून दहापर्यंत चेहरे काढलेले होते, शून्यापाशी हसरा, दहापाशी रडका. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. वरच्या ओठावर मात्र घामाची बारीक रेघ उमटली होती.

‘दोन,’ ती म्हणाली.

फिजिओने तिचा हात हळूच उशीवर ठेवला आणि तो खिडकीपाशी बसलेल्या बाईंकडे वळला. त्या मुलीच्या मावशी, आणि गेली अकरा वर्षे तिला ज्युदो शिकवणाऱ्या प्रशिक्षकही. त्यानेच त्यांना आज बोलावून घेतले होते.

‘बघितलंत, मॅडम? यांचं दोनच्या वर कधी जातच नाही. आमच्याकडे एक आजोबा येतात, मी नुसते हात धुवायला लागलो की ओरडतात. पण त्यांचा गुडघा आज वाकतो. का, तर कुठे थांबायचं ते मला कळतं.’

मुलगी किंचित हसली. मावशी हसली नाही.

मग त्याने सगळे नीट समजावून सांगितले. पंधरा दिवसांपूर्वी असेच ‘दोन’ ऐकून त्याने थोडा जास्त जोर दिला होता. दुसऱ्या दिवशी कोपर सुजून दुप्पट झाले आणि महिनाभरात मिळवलेले सगळे गेले. पुन्हा तसे झाले तर आत नको तिथे हाड वाढेल, आणि सर्जननी स्वच्छ सांगितले आहे की दोन ऑपरेशनांनंतर आता तिसऱ्यांदा ते कोपर उघडणार नाहीत. मग हात जन्मभर असाच. ना फळीवरचा डबा काढता येईल, ना स्वतःची वेणी घालता येईल.

‘माझं त्या ऐकत नाहीत,’ तो म्हणाला. ‘तुमचं ऐकतील.’

मावशी आपल्या हातांकडे पाहत राहिली. तो म्हणत होता ते खरेच होते. तिच्या हॉलमध्ये सांध्यावर पेच बसला की सुटकेचा मार्ग एकच असे. मॅटवर तळव्याने दोनदा थाप मारायची. समोरची तत्क्षणी सोडून देई. पण सरावात जिने थाप मारली, तिने शेवटी सगळी मॅट एकटीने पुसून काढायची, हा मावशीचा नियम होता. ‘आज पोतेरं कोणाकडे?’ असे एकमेकींना चिडवत मुली घरी जात. भाचीच्या हातात अकरा वर्षांत कधी पोतेरे आले नव्हते. चार महिन्यांपूर्वी, अंतिम लढतीतही, तिने थाप मारली नाही. हाड मोडल्याचा आवाज पंचांच्या कानांवर गेला तेव्हा त्यांनीच लढत थांबवली. सुवर्णपदक दुसरीच्या गळ्यात गेले.

‘अगं,’ मावशी अखेर म्हणाली. हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तिचा आवाज इथे टेबलापर्यंतही धड येत नव्हता. ‘दुखत असेल तर सांगावं. त्यात काही कमीपणा नसतो.’

भाचीने मान वळवून तिच्याकडे पाहिले. रोजच्या जिन्यात एखादी पायरी कमी भरावी आणि पाऊल पोकळीत पडावे, तसे काहीसे तिच्या चेहऱ्यावर झाले.

फिजिओने कोपर पुन्हा तळव्यात घेतले. अगदी थोडे दाबले.

‘किती?’

‘नऊ.’

त्याने लगेच हात सोडला. मघाशी किती होते, असे त्याने जरा भीतभीतच विचारले.

‘नऊच,’ ती म्हणाली. ‘रोज नऊच असतं.’ कोणी वाटेत पत्ता विचारावा आणि तो सांगावा, तसे तिने हे सांगितले.

मावशी उठून टेबलाजवळ आली. तिचा हात भाचीच्या केसांपर्यंत गेला आणि तिथेच घुटमळला. तोवर मुलगी डाव्या हाताच्या आधाराने उठून बसली होती.

‘मावशी, त्या दिवशी स्ट्रेचरवर तू माझ्या कपाळावर ओठ टेकवलेस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.’

‘हो.’

‘आणि शाब्बास म्हणालीस.’

फिजिओ पाठ करून टॉवेलांच्या घड्या घालू लागला. घड्या आधीच घातलेल्या होत्या.

‘दुखतंय म्हणण्यात कमीपणा नसतो,’ मुलगी म्हणाली, ‘तर मग ती शाब्बासकी कशाची होती?’

खाली रस्त्यावर कोणी तरी गाडी मागे घेत होते. तिची टिकटिक बराच वेळ वर येत राहिली, आणि मग तीही थांबली.

मावशीने खुर्चीवरची पिशवी उचलली. मॅट असो, वर्ग असो, परक्याचे घर असो, निघताना मागे वळून मान लववल्याशिवाय ती कधी बाहेर पडत नसे. नव्या मुलींना ती पहिला धडा हाच देई. आज ती वळली नाही. लांबलचक व्हरांड्यातून तिची ताठ पाठ लहान लहान होत गेली.