जिवापाड जपलेले फोटो

कॉम्प्युटर सुरूच होईना, तेव्हा ती तो घेऊन तडक दुरुस्तीच्या दुकानात गेली. लेकीचं पहिलं हसू, पहिलं पाऊल, दोन वर्षांचे सगळे फोटो त्यात होते.

दुरुस्तीवाल्या काकांनी डबा उघडून पाहिला आणि मान हलवली. "डिस्कच गेली, ताई. यातलं आता काही हाती लागायचं नाही. दुसरी प्रत काढून ठेवलीय ना?"

"म्हणजे काय! दर रविवारी, न चुकता. एक सोडून चार प्रती आहेत. आमचे हे तर विचारतात, एवढ्या प्रतींचं लोणचं घालणार आहेस का?"

काकांचा चेहरा खुलला. "मग कशाला घाबरता? आणा बघू एक."



"कुठून आणू, काका? चारही यातच ठेवल्यात. बाहेर ठेवल्या आणि हरवल्या तर, म्हणून!"