कोंडाजीचं नाव

एकोणीसशे एकतीसच्या हिवाळ्यात दिघीच्या एका बंगल्यात मुंबईची विद्वान मंडळी जमली होती. विषय होता प्राचीन मिसर देशाच्या, म्हणजे इजिप्तच्या, उतरत्या काळातली थडगी आणि देवळं. चहा द्यायला आलेली गोदू दाराशीच घुटमळली, कारण प्राध्यापक दाबके एका थडग्यावर कोरलेला मजकूर मराठीत करून वाचत होते, "वाटसरा, माझं नाव मोठ्याने घे. तू घेतलंस, तर मी पुन्हा जिवंत होईन."

"सायेब, बायकोनं घेतलं तर चालंल?" तिनं विचारलं.

मंडळी हसली. "कोणीही घ्यावं, बाई," दाबके म्हणाले.

तिन्हीसांजेला गोदू खाडीच्या धक्क्यावर गेली. तिच्या नवऱ्याची होडी इथूनच सुटली होती. परत आली ती नुसती वल्ही. संसारात असताना काय आणि तो गेल्यावर काय, त्याचं नाव तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं. तिनं डोळे गच्च मिटले आणि हाक मारली, "कोंडाजी!"

पाणी गप्प झालं. मग अगदी कानाशी, ओळखीचा चिडका आवाज आला, "नवऱ्याचं नाव घेतेस? लाज न्हाय वाटत?"

गोदूनं घाईघाईनं डोक्यावर पदर ओढला.